गरोदरपणाच्या कार्डावरील संक्षेप आणि आकडे कसे वाचावेत

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने पत्नीच्या माता व बाल संरक्षण कार्डावरील आणि दोन सोनोग्राफी अहवालांतील नोंदी उतरवून पाठवल्या आहेत व त्यांचा अर्थ विचारला आहे. १६ मार्च २०२६ रोजीची कार्डावरील नोंद अशी: जी३ पी१ एल१ ए१, एलएमपी १८/८/२५, ईडीडी २५/५/२६, एचबी ८.९, रक्तगट बी आरएच निगेटिव्ह, सिकलिंग पॉझिटिव्ह, एचआयव्ही व व्हीडीआरएल एनआर, बीपी १२४/८२, पी/ए २८ आठवडे, एफएचएस १४२. आणि वर लाल शिक्का मारून एचआरपी. त्याच दिवशीच्या सोनोग्राफीत गर्भ २८ आठवडे २ दिवसांचा, ईडीडी ६/६/२६, ईएफडब्ल्यू ११५० ग्रॅम, एएफआय ९, सेफॅलिक, प्लॅसेंटा पोस्टिरियर, सिंगल लूप ऑफ कॉर्ड असे लिहिले आहे. ऑक्टोबरमधील पहिल्या सोनोग्राफीने मात्र २३/५/२६ ही तारीख दिली होती. त्यांचे प्रश्न चार आहेत: ‘ए१’ वाचून घरात कुजबुज सुरू झाली आहे, तर त्याचा अर्थ काय, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांपैकी वाईट कोणते, बाळंतपणाच्या तीन तारखांपैकी खरी कोणती, आणि गावाजवळच्या उपकेंद्रात बाळंतपण होईल का.

अशा नोंदी घाईघाईने लिहिणाऱ्यांपैकी मीही एक आहे. बाह्यरुग्ण विभागात रांग लागलेली असताना पूर्ण शब्द लिहिणे शक्य होत नाही, आणि पुढच्या डॉक्टरला एका ओळीत सारे कळावे एवढाच त्या संक्षेपांचा हेतू असतो. घरच्यांनी ते वाचावेत, पण कार्डावरचा कोणताही आकडा एकटा वाचू नये. तो गरोदरपणाच्या आठवड्यांशी आणि मागच्या भेटीतील आकड्याशी जोडून वाचावा. या कार्डावरील काळजीच्या बहुतेक गोष्टी तशा जोडून वाचल्या तरच दिसतात.

आधी ‘ए१’ पाहू. ‘जी’ म्हणजे आत्ताचे धरून एकूण किती वेळा दिवस गेले, ‘पी’ म्हणजे त्यांपैकी किती बाळंतपणे झाली, ‘एल’ म्हणजे आज हयात असलेली मुले, आणि ‘ए’ म्हणजे पूर्ण वाढ होण्याच्या बऱ्याच आधी संपलेली गर्भारपणे. जी३ पी१ एल१ ए१ याचा अर्थ एवढाच की ही तिसरी खेप आहे, एक बाळंतपण झाले, ते मूल हयात आहे आणि एक गर्भारपण मध्येच संपले. ‘ए’ हे अक्षर अबॉर्शनचे असले, तरी वैद्यकीय नोंदीत त्यात आपोआप झालेला गर्भपातही येतो आणि मुद्दाम करून घेतलेलाही येतो; ती नोंद दोन्हींत फरक करीत नाही. तुम्ही कळवले आहे की तिसऱ्या महिन्यात अंगावर गेले होते आणि तालुक्याला पिशवी साफ करून घेतली होती. तीच ही नोंद आहे. तुमच्या आईंना हे तुम्ही स्वतः समजावून सांगावे, कारण सुनेने सांगितले तर ती सफाई देते आहे असे वाटते आणि डॉक्टरांनी सांगितले तर घरातली गोष्ट बाहेर गेली असे वाटते. या कुजबुजीला कंटाळून ती नोंद पुढच्या कार्डावरून गाळायला मात्र सांगू नका. तुमच्या पत्नीचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यामुळे हाच ‘ए१’ पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

‘पी१’ याच्या शेजारी बारीक अक्षरांत एफटीएनडी, २.३ किलो असे लिहिले असल्याचे तुम्ही कळवले आहे. म्हणजे मागचे बाळंतपण पूर्ण दिवसांचे व नैसर्गिक झाले, पण बाळाचे वजन २.५ किलोपेक्षा कमी होते. अशा बाळाला एलबीडब्ल्यू म्हणतात. सिझेरियन झाले असते तर तिथे एलएससीएस लिहिलेले असते.

आता तारखा. एलएमपी म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, आणि ईडीडी म्हणजे त्यापासून २८० दिवसांनी येणारी बाळंतपणाची अपेक्षित तारीख. हिशेब सोपा आहे: पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवायचे आणि नऊ महिने पुढे जायचे. आपल्याकडे बायका तारीख सांगण्याऐवजी पोळा, महालक्ष्म्या, दसरा यांच्या आगेमागे पाळी आल्याचे सांगतात, आणि माझ्या अनुभवात ती आठवण कॅलेंडर पाहून सांगितलेल्या तारखेपेक्षा अनेकदा पक्की निघते. फक्त आशाताईंनी किंवा नर्सबाईंनी तो सण त्या वर्षी कोणत्या तारखेला होता हे तिथल्या तिथे पडताळून लिहिले पाहिजे, कारण सण दरवर्षी सरकतो. तुमच्या पत्नीने पोळ्याच्या चार दिवस आधी असे सांगितले. २०२५ साली पोळा २२ ऑगस्टला होता, म्हणजे १८ ऑगस्ट बरोबर, आणि त्यावरून २५ मे २०२६ हीही बरोबर. पाळी नियमित असेल तर हा हिशेब विश्वासाचा असतो.

सोनोग्राफीचे यंत्र तारीख देते ती बाळाची मापे घेऊन. पहिल्या तीन महिन्यांत सगळी बाळे जवळजवळ एकाच गतीने वाढतात, म्हणून तेव्हाची तारीख पाच-सात दिवसांच्या फरकाने खरी ठरते. त्या अहवालात सीआरएल हे माप असते, म्हणजे डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी. पुढे बीपीडी म्हणजे डोक्याची रुंदी, एचसी म्हणजे डोक्याचा घेर, एसी म्हणजे पोटाचा घेर आणि एफएल म्हणजे मांडीच्या हाडाची लांबी अशी मापे घेतात. पण एव्हाना प्रत्येक बाळाची वाढ आपापल्या वळणाने जाऊ लागलेली असते, आणि शेवटच्या तीन महिन्यांत ही तारीख तीन आठवड्यांपर्यंतही चुकू शकते. तुमच्याकडच्या पहिल्या सोनोग्राफीची तारीख २३ मे आहे आणि पाळीवरून येणारी २५ मे. दोन दिवसांचा फरक काही फरक नव्हे; उलट त्याने पाळीची तारीख पक्की झाली. आता २५ मे हीच धरायची आणि पुढे कितीही सोनोग्राफी झाल्या तरी ती बदलायची नाही. प्रत्येक नव्या अहवालागणिक तारीख पुढे ढकलत जाणारी कुटुंबे मी पुष्कळ पाहिली आहेत.

याच जागी मला तुम्हाला थांबवायचे आहे, कारण तुम्ही लिहिले आहे की नवी तारीख ६ जून आली म्हणजे बाळंतपणाला वेळ आहे असे घरचे समजून आहेत. तारीख पक्की असेल तर १६ मार्च रोजी बाळ बरोबर ३० आठवड्यांचे होते. यंत्राला ते २८ आठवडे २ दिवसांचे दिसले, म्हणजे बाळ मापाने मागे आहे. ईएफडब्ल्यू म्हणजे बाळाचे अंदाजे वजन, तेही ११५० ग्रॅम. ३० आठवड्यांना ते सरासरीने १४०० ते १५०० ग्रॅमच्या आसपास असते. पी/ए म्हणजे पोट तपासून नर्सबाईंच्या हाताला जाणवलेली गर्भाशयाची उंची, आणि तिथेही २८ लिहिले आहे. मशीन आणि हात दोघांचे म्हणणे एक आहे. मागचे बाळही कमी वजनाचे होते. या चार नोंदी वेगवेगळ्या वाचल्या तर एकही भीतीदायक वाटत नाही, एकत्र वाचल्या तर बाळाची वाढ कमी होत असल्याची शंका घ्यावी लागते. अहवालात किंवा पुढच्या चिठ्ठीत तुम्हाला आययूजीआर, एफजीआर किंवा एसजीए असे दिसले तर ते याविषयीच आहे. पहिली दोन वाढ खुंटल्याबद्दल वापरतात, तिसरे केवळ आकाराने लहान असलेल्या बाळाबद्दल. सोनोग्राफीच्या वजनाच्या अंदाजात दहा-पंधरा टक्क्यांची चूक असू शकते, त्यामुळे आजच घाबरून जाऊ नका. पण दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी आणि तिच्यासोबत डॉप्लर, म्हणजे नाळेतील रक्तप्रवाहाची तपासणी, हवी का हे याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा. दोन आठवड्यांच्या आत पुन्हा मापे घेण्यात अर्थ नसतो, कारण तेवढ्यात झालेली वाढ यंत्राच्या चुकीत बुडून जाते. डॉप्लरला तेवढे थांबायचे कारण नाही; डॉक्टरांना गरज वाटली तर ती आधीही करतात.

त्या अहवालातील बाकीच्या गोष्टींनी झोप उडवून घेऊ नये. एएफआय म्हणजे बाळाभोवतीचे पाणी, ते ५ ते २५ सेंटीमीटरच्या दरम्यान असले की चालते. ९ ठीक आहे. सेफॅलिक म्हणजे डोके खाली, ब्रीच म्हणजे पायाळू. तिसाव्या आठवड्यात बाळ अजून फिरू शकते. प्लॅसेंटा पोस्टिरियर म्हणजे वार मागच्या भिंतीला आहे, एवढेच. तिथे लो लाइंग किंवा प्रिव्हिया लिहिले असते तर मात्र वार खाली सरकून गर्भाशयाच्या तोंडाजवळ आली आहे असा अर्थ झाला असता, आणि मग थोडाही रक्तस्राव झाला तरी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे लागले असते. नाळेचा एक वेढा मानेभोवती असणे फार सामान्य आहे आणि तेवढ्यावरून सिझेरियन करीत नाहीत. एफएचएस म्हणजे बाळाच्या हृदयाचे ठोके. मिनिटाला ११० ते १६० या दरम्यानचा आकडा चांगला, आणि तो मुलाचा की मुलीचा हे त्यावरून कळत नाही. वार पुढे आहे की मागे, ठोके किती, यांवरून लिंग ओळखणारे गावोगाव भेटतात. अहवालात तसला कोणताही गुप्त संक्षेप नसतो, आणि १९९४ च्या कायद्याने गर्भाचे लिंग सांगणे व विचारणे हे दोन्ही गुन्हे आहेत.

पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांपैकी वाईट कोणते, याला एक उत्तर नाही. एनआर म्हणजे नॉन रिॲक्टिव्ह. एचआयव्ही आणि व्हीडीआरएल, म्हणजे गरमीच्या आजाराची तपासणी, यांसमोर तो असणे चांगले. आरएच निगेटिव्ह हा मात्र आजार नाही, रक्तगटाचा प्रकार आहे. पती आरएच पॉझिटिव्ह असेल तर बाळही पॉझिटिव्ह असू शकते, आणि बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळले तर आईचे शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही, पुढच्यांना होऊ शकते. हे मिसळणे बाळंतपणात होते, तसे गर्भपातातही होऊ शकते, आणि म्हणूनच मी वर ‘ए१’ गाळू नका म्हटले. मागच्या बाळंतपणानंतर आणि त्या गर्भपातानंतर अँटी-डी नावाचे इंजेक्शन दिले होते का, याचा कागद शोधा. तुमचा स्वतःचा रक्तगट तपासून कार्डावर लिहून घ्या. तुम्हीही आरएच निगेटिव्ह असाल तर ही चिंताच मिटते. नसाल तर पत्नीची आयसीटी, म्हणजे तिच्या रक्तात अशी प्रतिपिंडे तयार झाली आहेत का हे पाहणारी तपासणी, झाली आहे का हे विचारा. ती निगेटिव्ह आली तर चांगली बातमी आहे, आणि मग साधारण २८ आठवड्यांना अँटी-डीची एक मात्रा देतात, जी राहून गेली असेल तर अजून विचारता येईल. शिवाय बाळ आरएच पॉझिटिव्ह निघाल्यास जन्मानंतर ७२ तासांच्या आत दुसरी द्यावी लागते. आयसीटी पॉझिटिव्ह आली तर अँटी-डीचा उपयोग संपलेला असतो आणि बाळाकडे तज्ज्ञांचे वेगळे लक्ष लागते.

सिकलिंग पॉझिटिव्ह या दोन शब्दांवर थांबणे धोक्याचे आहे. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली आणि मेळघाट या आपल्या पट्ट्यात सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार पुष्कळ आढळतो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात तो दोष आहे एवढेच सांगते. बाई केवळ वाहक आहे की रुग्ण, हे ती सांगू शकत नाही. ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीने कळते. निकालात एएस आले तर वाहक, एसएस आले तर रुग्ण. एएस असलेली बाई सहसा निरोगी असते आणि तिचे बाळंतपणही बहुधा इतरांसारखेच होते. एसएस असेल तर सांधे व छातीत वेदनांचे झटके, संसर्ग, रक्तदाब वाढणे आणि बाळाची वाढ कमी होणे हे सारे धोके वाढतात, आणि सगळी काळजी वैद्यकीय महाविद्यालयाच्या पातळीवर घ्यावी लागते. तुमच्या पत्नीच्या बाबतीत बाळाची वाढ आधीच शंकेची असल्यामुळे हा निकाल लवकर यायला हवा. तुमचीही तपासणी करून घ्या. दोघेही एएस निघालात तर प्रत्येक खेपेला बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि तसे असेल तर बाळाची तपासणी जन्मानंतर लगेच करून घेता येते. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू आहे. दोघांच्या तपासणीबद्दल आरोग्य केंद्रातच विचारा.

एचबीचे, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनचेही याच्याशी नाते आहे. गरोदरपणात ११ पेक्षा कमी म्हणजे पांडुरोग, १० ते १०.९ सौम्य, ७ ते ९.९ मध्यम, ७ पेक्षा कमी तीव्र. तिसऱ्या महिन्यात १०.१ होते आणि आता ८.९ आहे, म्हणजे ते उतरणीला लागले आहे. रक्त काहीसे पातळ होणे हे गरोदरपणात साहजिक असते, पण एवढ्या उतरणीचे कारण तेवढेच मानता येत नाही. आयएफए म्हणजे लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी. ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तर अंगी लागत नाही, म्हणून दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवावे. कापूस वेचायला जाणाऱ्या बाया सकाळी चहाबरोबर सगळ्या गोळ्या एकदम गिळून मोकळ्या होतात, आणि मग गोळ्या घेऊनही एचबी का वाढत नाही हा प्रश्न आम्हाला पडतो. मध्यम पांडुरोगात गोळ्यांची मात्रा वाढवतात किंवा दिवस भरत आले असतील तर शिरेतून लोह देतात. तो निर्णय सिकलसेलचा पूर्ण निकाल पाहून व्हावा, कारण एसएस रुग्णाला लोहाची खरोखर कमतरता आहे का हे तपासल्याशिवाय लोह देत राहणे योग्य नाही.

बीपी १२४/८२ हे १४०/९० या मर्यादेच्या आत आहे. तरीही पहिल्या भेटीत ते १०४/६६ होते असे तुम्ही लिहिले आहे, म्हणून दर भेटीला बीपी आणि लघवीतील अल्ब्युमिन या दोन्हींची नोंद होते आहे ना, हे पाहा. पीआयएच म्हणजे गरोदरपणामुळे वाढलेला रक्तदाब; सोबत लघवीतून प्रथिने जाऊ लागली तर ते प्रीएक्लॅम्प्सिया. कपाळ फुटल्यासारखे दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात कळ, चेहऱ्यावर व हातांवर अचानक सूज, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. अंगावरून पाणी किंवा रक्त गेले, किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तरीही तेच. हालचालीसाठी कार्डावर एफएम असे लिहितात.

गोळ्यांच्या चिठ्ठीवरचे शॉर्टफॉर्म थोडक्यात सांगते. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसओएस गरज पडली तरच. टीडी असे नुसते लिहिले असेल तर ती धनुर्वात व घटसर्पाची लस आहे. आणि एसी हे अक्षर सोनोग्राफीत पोटाच्या घेरासाठी, तर चिठ्ठीवर जेवणाआधी घ्यायच्या गोळीसाठी येते.

आता उपकेंद्राचा प्रश्न. एचआरपी म्हणजे जोखमीचे गरोदरपण. तुमच्या पत्नीच्या कार्डावर लाल शिक्का मारण्यासारखी कारणे एक नव्हे तर चार आहेत: एचबी, आरएच, सिकलिंग आणि बाळाची वाढ. त्यामुळे उपकेंद्रातील नर्सबाई कितीही हुशार असल्या तरी हे बाळंतपण तिथे करू नये. जिथे रक्त मिळते, सिझेरियनची सोय आहे आणि एसएनसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे, तिथेच करावे. तुम्हाला जवळचे म्हणजे यवतमाळचे वैद्यकीय महाविद्यालय. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तपासणी असते, कार्डावर ते पीएमएसएमए असे दिसेल. ९ एप्रिलला जाताना जुने-नवे सारे कागद एकाच पिशवीत न्या, पण डॉप्लरसाठी त्या दिवसापर्यंत थांबू नका. पत्नी माहेरी जाणार असेल तर तिथल्या आशाताईंना आरसीएच क्रमांक, म्हणजे तिचा गरोदर माता म्हणून असलेला नोंदणी क्रमांक, आधी कळवा. १०२ ही गरोदर मातांची गाडी आहे आणि १०८ आणीबाणीची. दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ठेवा.

बी निगेटिव्ह रक्त ऐन वेळी मिळणे कठीण जाते. शासकीय रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली रक्ताचे पैसे लागत नसले तरी पिशवी तर असावी लागते. म्हणून एप्रिलमध्येच रक्तपेढीला मे महिन्याची तारीख सांगून ठेवा आणि नात्यातल्या व गावातल्या तरण्या मंडळींचे रक्तगट तपासून बी निगेटिव्ह व ओ निगेटिव्ह कोण आहेत त्यांची नावे कार्डाच्या पिशवीत लिहून ठेवा. पत्नीच्या माहेरच्या सख्ख्या भावंडांपासून सुरुवात करा, कारण जुळणारा गट तिथे सापडण्याची शक्यता अधिक असते.